पंधरापैकी सहा

अर्जाच्या चौदाव्या पानावर एक साधं वाक्य होतं: ‘ही पद्धत प्रत्यक्ष वापरात यशस्वी होण्याची शक्यता आमच्या अंदाजाने तीनात एक आहे.’ माझ्याआधी ती फाइल ज्यांच्या हातून गेली, त्यांच्यापैकी कुणीतरी या वाक्याखाली पट्टी लावून लाल रेघ ओढली होती आणि समासात प्रश्नचिन्ह काढलं होतं. अर्ज दोघांचा होता. दोघांचंही शिक्षण नुकतंच संपलेलं, नावावर कंपनी नाही, उलाढाल शून्य. जमिनीखालच्या प्लास्टिकच्या पाइपांमधली पाणीगळती आवाजावरून शोधायची, हे त्यांचं काम. लोखंडी पाइपात गळतीचा आवाज पाइपाच्या भिंतीतून लांबवर जातो, त्यामुळे तिथे ही पद्धत जुनी आणि रुळलेली आहे. प्लास्टिकमध्ये तो आवाज थोड्याच अंतरात मरतो. या दोघांचं म्हणणं असं, की भिंतीचा नाद सोडा, पाण्यातून जाणारा खालच्या पट्टीतला आवाज ऐका. बाकीच्या गोंगाटातून तो वेगळा काढायचं गणितही त्यांनी मांडलं होतं.

जमेलच याची त्यांना खात्री नव्हती, आणि तेही त्यांनी लिहून टाकलं होतं.

सरकारच्या एका नवोन्मेष निधीच्या निवड समितीवर मी तीन वर्षं बाहेरचा तज्ज्ञ म्हणून होतो. हा अर्ज पहिल्या वर्षीचा. त्या तीन वर्षांत माझ्यासमोर कुणी कुणाकडून एक पैसाही घेतला नाही, कुणी भाच्या-पुतण्याची शिफारस केली नाही. हे आधीच सांगतो, कारण धोरण ठरवणाऱ्यांचा स्वार्थ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पाकीट येतं. मी जो स्वार्थ पाहिला तो पाकिटातला नव्हता. तो गुणपत्रिकेच्या रकान्यांत होता, तारखांत होता, कार्यक्रमाच्या फलकावरच्या आकड्यात होता. आणि एका रकान्यात माझाही होता. ते कळायला मला तिसरं वर्ष उजाडावं लागलं.

फोन आला तेव्हा मी लगेच होकार दिला होता. दाबानुसार वीज तयार करणाऱ्या सिरॅमिकवर मी वीस वर्षं काम केलं आहे. सेन्सरमध्ये हीच मंडळी कान होऊन बसलेली असतात. नवीन लोकांचं काम बघायला मिळेल, सरकारी पैसा नीट जागी पडायला हातभार लागेल, असं मनात होतं. आपलं नाव त्या यादीत असेल, हेही होतं. 

पहिल्या बैठकीत धोरणाचा मसुदा वाचून दाखवला गेला. मला तो मनापासून आवडला होता. त्याचा गाभा असा: नव्या ज्ञानाचा फायदा ते शोधणाऱ्याच्या एकट्याच्या हाती राहत नाही, तो आजूबाजूला झिरपतो, म्हणून खासगी गुंतवणूकदार धोक्याच्या संशोधनात पुरेसा पैसा घालत नाही, ती पोकळी सरकारने भरायची. अर्थशास्त्रज्ञ केनेथ अ‍ॅरो यांनी १९६२ साली हाच युक्तिवाद मांडला होता, आणि संशोधनाला सरकारी मदत का द्यायची याचं सगळ्यात भक्कम उत्तर आजही तेच मानलं जातं. म्हणजे आमच्या पैशाने जायचं होतं ते बाकीचे पैसे जिथे जात नाहीत तिथे.

मग गुणपत्रिका वाटली. नऊ रकाने, शंभर गुण. तिसरा रकाना मागच्या तीन वर्षांच्या उलाढालीचा. सातवा आधीच मिळालेल्या गुंतवणुकीचा. नववा ‘अंमलबजावणीची खात्री’, त्याला सगळ्यात जास्त, वीस गुण. ज्याला बँक कर्ज देते, ज्याचा कारखाना चालू आहे आणि ज्याचं काम बुडायची भीती नाही, त्यालाच या पत्रिकेत गुण मिळणार होते. मसुदा एका हाताने लिहिलेला आणि गुणपत्रिका दुसऱ्या. गळतीवाल्या दोघांना शंभरपैकी ५८ पडले. एका जुन्या, भरभक्कम कंपनीला ८६ पडले. त्यांच्या यंत्रसामग्रीची ऑर्डर आमच्या बैठकीच्या आधीच गेलेली होती, आमचा निधी नसता तरी ते काम होणारच होतं. पात्रतेची रेषा ७० ची.

गुणपत्रिका ज्या कार्यक्रम अधिकारी मॅडमनी केली होती, त्यांच्या टेबलापाशी जाऊन मी विचारलं, की हा नववा रकाना कशासाठी? मी जरा चढ्या आवाजातच विचारलं असणार. त्या काही बोलल्या नाहीत. मागच्या कपाटातून त्यांनी एक फाइल काढली आणि माझ्यापुढे ठेवली. ती इतकी फुगली होती, की तिचा दोरा पुरेना. दुसरा दोरा गाठ मारून जोडला होता. आधीच्या एका योजनेतला लेखापरीक्षणाचा आक्षेप होता तो. मदत मिळालेला एक उद्योग दोन वर्षांत बंद पडला होता. प्रश्न एकच होता: सार्वजनिक निधी निष्फळ ठरला, जबाबदार कोण? मंजुरीच्या टिपणीवर सही करणारा अधिकारी त्याला चार वर्षं उत्तरं देत राहिला. त्या काळात त्याची बढती अडली. निवृत्त होताना त्याने शेवटचं पत्र लिहिलं तेही या आक्षेपाचंच उत्तर होतं. मी ते वाचलं. अक्षर सुबक, भाषा नम्र, आणि पत्राच्या तळाशी जोडपत्रांची यादी बत्तीसपर्यंत.

मॅडम म्हणाल्या, “सर, चांगल्या अर्जाला मी नाही म्हटलं तर मला कुणी जाब विचारणार नाही. तो अर्ज कुठे दिसतच नाही. पण बुडणाऱ्या अर्जाला हो म्हटलं तर तो कायमचा माझ्या नावावर राहतो.”

या दोन वाक्यांइतकं नेमकं मी या विषयावर नंतरही कुठे वाचलं नाही. तेव्हा मात्र मी वाद घातला. मी म्हणालो, धोका घेतला म्हणून तर टेस्ला उभी राहिली. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने २०१० मध्ये तिला ४६.५ कोटी डॉलरचं कर्ज दिलं, आणि २०१३ मध्ये ते मुदतीच्या कितीतरी आधी फिटलं. त्या म्हणाल्या, “आणि त्याच खात्याने ५३.५ कोटी डॉलरची हमी घेतलेली सोलिंड्रा?” सौरऊर्जेचे पॅनेल बनवणारी ही कंपनी २०११ मध्ये बुडाली, तपास यंत्रणांचे छापे पडले, संसदेत सुनावण्या झाल्या, वर्षानुवर्षं चर्चा चालली. “टेस्लाच्या कर्जाच्या कागदावर ज्यांनी सही केली, त्यांच्यातल्या एकाचं तरी नाव तुम्हाला माहीत आहे का?” मला माहीत नव्हतं. जिंकलेल्या डावाचं श्रेय सही करणाऱ्याला मिळत नाही आणि हरलेला डाव मात्र त्याच्या नावावर चढतो. असं असेल तर कुठलाही शहाणा माणूस नववा रकाना घालेल. मी त्यांच्या खुर्चीत असतो तर मीही घातला असता, हे त्या दिवशी मला पटलं. पटल्यामुळे राग गेला नाही, पण रागाचा रोख बदलला.

त्यांचे वरिष्ठ, म्हणजे संचालक साहेब, यांची चिंता वेगळी होती. त्यांना फलकावरचा आकडा हवा होता. वर्षाच्या कार्यक्रमात किती उद्योगांना मदत दिली हे जाहीर व्हायचं, आणि तो आकडा मागच्या वर्षीपेक्षा मोठा असायला हवा. निधी तेवढाच आणि आकडा मोठा, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला कमी. ज्या कामाला तीन वर्षं आणि नीट प्रयोगशाळा लागते, त्याला आम्ही सहा महिन्यांचा खुर्दा देत होतो. त्याच बैठकीत भिंतीवर नकाशा लागायचा. ज्या भागांतून एकही अर्ज मंजूर झालेला नाही ते पांढरे असायचे, आणि पांढरा भाग दिसला की ‘वरून विचारणा होईल’ असं कुणीतरी हळूच म्हणायचं. अमेरिकेत सुपरकंडक्टिंग सुपर कोलायडर हा प्रचंड भौतिकी प्रकल्प जाहीर झाला, तेव्हा तो आपल्याकडे यावा म्हणून अनेक राज्यांचे प्रतिनिधी त्याच्या बाजूने होते. १९८८ मध्ये जागा टेक्सासमध्ये ठरली आणि बाकीच्यांचा उत्साह ओसरत गेला. १९९३ मध्ये सुमारे दोनशे कोटी डॉलर खर्च झाल्यावर तो रद्द झाला. खर्च फुगला होता, कारभारावर टीका होती, कारणं अनेक होती. पण आमच्या त्या नकाशासमोर बसलेलो असताना मला नेहमी तो जागेचा मुद्दाच आठवायचा.

वर्षाअखेरची बैठक मी विसरू शकत नाही. निधीचा बराच भाग शिल्लक होता. खर्ची पडला नाही तर तो व्यपगत होणार, म्हणजे हातातून जाणार, आणि त्यापेक्षा वाईट म्हणजे पुढच्या वर्षीच्या तरतुदीला तेवढीच कात्री लागणार. साहेब उघडपणे म्हणाले, “शिल्लक दाखवणं मला परवडणार नाही. माझ्या हाताखाली अकरा माणसं आहेत.” त्या अकरा माणसांपैकी सात कंत्राटी होती, त्यांच्या नोकऱ्या तरतुदीवर अवलंबून होत्या. साहेबांचा स्वतःचा हुद्दाही खात्याच्या आकारावर तोलला जायचा, हे खरं. पण मी त्यांना त्या दिवशी पाहिलं, त्यांना त्या सात जणांची खरोखरच काळजी होती. अर्थशास्त्रज्ञ विल्यम निस्कानेन यांनी १९७१ मध्ये मांडलं होतं, की खात्याचा प्रमुख तरतूद वाढवत नेण्याकडे झुकतो, कारण पगार, अधिकार, मान, माणसं ठेवण्याची ताकद, सगळं तिच्याशी बांधलेलं असतं. नंतर वाचलं तेव्हा मला साहेबांचा चेहरा दिसला. कागदावरचा सिद्धांत थंड वाटतो. खोलीत तोच माणूस घाम पुसत बसलेला असतो.

त्या दुपारी पात्रतेची रेषा ७० वरून ६० वर आणली गेली. तीन तासांत सदतीस अर्ज मंजूर झाले. एका अर्जाला पाच मिनिटंही नाहीत. ज्या प्रस्तावांवर आम्ही आठ महिने नाकं मुरडली होती, त्यांच्यावर मी एकामागून एक सह्या केल्या. गळतीवाल्यांचे ५८ होते. दोन गुणांनी राहिले. “चला, कुठेतरी रेषा मारावीच लागते,” असं कुणीतरी म्हणालं, आणि तो मीही असू शकेन.

मदत मिळालेल्या कामांचं मूल्यमापन कसं व्हायचं, ते थोडक्यात सांगतो. मूल्यमापन करणारी संस्था खातंच नेमायचं, पुढच्या वर्षी तिलाच पुन्हा नेमायचं की नाही हेही खातंच ठरवायचं. अहवालात दहातली नऊ कामं यशस्वी असायची. धोका घ्यायला काढलेल्या निधीतली दहातली नऊ कामं यशस्वी होत असतील, तर तो निधी धोका घेतच नाही, हे त्या खोलीत सगळ्यांना कळत होतं. अहवालावर टाळ्या पडायच्या. मीही वाजवल्या आहेत.

दुसऱ्या वर्षी ते दोघं परत आले. मला आनंद झाला, फाइल उघडेपर्यंत. नव्या अर्जात पाण्यातला आवाज नव्हता, गणित नव्हतं, प्लास्टिकचे पाइपही नव्हते. बाजारात मिळणारे तयार सेन्सर घ्यायचे, लोखंडी पाइपांना बाहेरून लावायचे, आकडे मोबाइलवर दाखवायचे. असं काम करणारे कितीतरी आधीपासून आहेत. नावापुढे कंपनी आली होती, एका ओळखीच्या उद्योगाचं पाठिंब्याचं पत्र जोडलेलं होतं. तीनात एक हे वाक्य गेलं होतं. त्याच्या जागी होतं: ‘प्रकल्प विहित मुदतीत पूर्ण होण्याची पूर्ण खात्री आहे.’ त्यांना ८१ गुण पडले. माझ्या रकान्यात मी पंधरापैकी बारा दिले.

सादरीकरण झाल्यावर दोघांपैकी एक जण, ती मुलगी, व्हरांड्यात वायर गुंडाळत उभी होती. मी विचारलं, आधीच्या कल्पनेचं काय झालं?

“ती बाजूला ठेवली, सर. मागच्या वेळचे शेरे आम्ही नीट वाचले. तुमच्याकडे काय चालतं ते कळलं.”

तक्रारीचा सूर नव्हता. एखादी परीक्षा कशी द्यायची हे शिकल्यासारखं ती सांगत होती. ती दोघं हुशार होती, आणि आम्ही जे शिकवलं ते ती एका वर्षात शिकली होती. आमच्या खात्याचा, साहेबांचा, मॅडमचा, नकाशाचा, सगळ्यांचा स्वार्थ एकत्र होऊन जे मागत होता, ते तिने नेमकं ओळखून आणून दिलं होतं. अशी किती माणसं आपापली खरी कल्पना घरी ठेवून आमच्यासमोर येत असतील, हा विचार त्या व्हरांड्यातून माझ्याबरोबर आला आणि अजून गेलेला नाही. नाकारलेले अर्ज निदान फाइलमध्ये असतात. हे तर कधी लिहिलेच जात नाहीत.

त्यानंतर मी वाचत सुटलो. अर्थशास्त्रज्ञ जेम्स ब्यूकॅनन आणि गॉर्डन टुलॉक यांचं काम, म्हणजे बाजारात माणूस आपलं हित बघतो आणि सरकारी कचेरीत शिरला की संत होतो असं मानू नका, हा विचार. ब्यूकॅनन यांना १९८६ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते याच धाग्यासाठी. या वाचनातून काही जण असा निष्कर्ष काढतात, की सरकारने या भानगडीत पडूच नये. मला तो पटत नाही. इंटरनेटचं बीज सरकारी पैशातूनच रुजलं, उपग्रहावरून जागा कळते तीही. मला खरा प्रश्न वेगळा वाटत होता: स्वार्थ असणारच, तर तो कुठे बांधून ठेवला की काम नीट होतं? १९५८ मध्ये अमेरिकेने संरक्षण खात्याच्या संशोधनासाठी अर्पा नावाची संस्था काढली, तीच पुढे डार्पा झाली. तिथले कार्यक्रम व्यवस्थापक बाहेरून येतात आणि साधारण तीन ते पाच वर्षांत परत जातात. खुर्ची टिकवण्यात त्यांचं फारसं हित नसतं. त्यांच्या नावावर काही राहायचं असेल तर ते मोठ्या यशामुळेच. इस्रायलने १९९३ मध्ये नव्या तंत्रज्ञान कंपन्यांसाठी योझ्मा निधी काढला, दहा कोटी डॉलरचा. सरकार खासगी गुंतवणूकदारांबरोबर पैसे घालायचं, आणि सरकारचा हिस्सा ठरलेल्या मुदतीत ठरलेल्या भावाने विकत घ्यायची मुभा त्या भागीदारांना होती. सरकारला बाहेर पडायचा दरवाजा पहिल्याच दिवशी बांधलेला. याच्या उलट कॉन्कॉर्ड, आवाजापेक्षा वेगाने उडणारं प्रवासी विमान. ब्रिटन आणि फ्रान्समधल्या १९६२ च्या करारात माघार घ्यायचं कलमच नव्हतं. १९६४ मध्ये आलेल्या ब्रिटनच्या नव्या सरकारला प्रकल्प थांबवायचा होता, पण जमलं नाही. विमान विलक्षण होतं, मला आजही त्याचं चित्र बघत बसावंसं वाटतं. पण एकूण वीसच बनली, आणि प्रवाशांना घेऊन उडाली ती चौदा.

न्यूझीलंडचं उदाहरण मात्र माझ्या मनात रुतून बसलं. तिथल्या आरोग्य संशोधन परिषदेने २०१३ पासून एका खास अनुदानासाठी चक्क सोडत वापरली. वेगळी, धाडसी कल्पना हवी असेल तर आधी किमान कसोटी लावायची, जे त्यात बसतील त्यांची नावं सोडतीत टाकायची. तिसऱ्या वर्षी मी हाच प्रस्ताव आमच्या समितीत मांडला: अगदी वरचे अर्ज गुणांवर घ्या, अगदी खालचे सोडा, मधल्या पट्ट्यातल्यांसाठी चिठ्ठ्या टाका. विरोध खात्याकडून होईल अशी माझी अटकळ होती. मॅडमनी तर लगेच मान डोलावली. सोडतीत कुणाची सही नसते. बुडालेल्या कामाचा आक्षेप चिठ्ठीला चिकटणार. त्यांचा स्वार्थ आणि निधीचा हेतू पहिल्यांदाच एका दिशेला तोंड करून उभे होते.

विरोध आला तो आम्हा तज्ज्ञांकडूनच. “मग आम्ही इथे कशाला?” असं एका ज्येष्ठांनी विचारलं. आमच्या वीस-तीस वर्षांच्या अनुभवाची किंमत चिठ्ठीएवढी का, असा सूर लागला. मी बाजू मांडली. मांडताना म्हणालो, की गुण देणाऱ्याचे कल गुणांत उतरतातच. त्यावर शेजारचे सहकारी शांतपणे म्हणाले, “तुमचेही?”

मी नाही म्हणालो. आणि ते सिद्ध करायला घरी जाऊन माझ्या जुन्या गुणपत्रिकांच्या प्रती काढल्या.

पाचवा रकाना, ‘तांत्रिक व्यवहार्यता’, पंधरा गुण. सेन्सरशी संबंधित अर्जांसाठी तो एकटा मी भरायचो. एका कोऱ्या कागदावर मी दोन उभ्या ओळी आखल्या: ज्या अर्जांत पीझो सिरॅमिक, म्हणजे दाबावर वीज देणारं माझं सिरॅमिक, होतं ते डावीकडे, बाकीचे उजवीकडे. डावीकडे बारा, तेरा, अकरा, बारा, तेरा. उजवीकडे सात, आठ, सहा, नऊ, सात. गळतीवाल्यांचा पहिला अर्ज उजवीकडे होता. सहा.

त्यांनी सेन्सरसाठी सिरॅमिक घेतलं नव्हतं, पॉलिमरचा पापुद्रा घेतला होता. पीव्हीडीएफ म्हणतात त्याला. त्यातही दाबावर वीज देण्याचा गुण जोरकसपणे आहे हे जपानच्या कावाई यांनी १९६९ मध्ये दाखवून दिलं. सिरॅमिकपेक्षा तो काही बाबतींत कमजोर आहे, त्याबद्दल मी तासभर बोलू शकतो आणि परिषदांमधून बोललोही आहे. पण पाण्यातला आवाज ऐकायचा असेल तर त्याची एक मोठी बाजू आहे: ध्वनीच्या दृष्टीने तो पाण्याच्या बराच जवळचा आहे, त्यामुळे पाण्यातली लाट त्याच्यावर आपटून परतण्याऐवजी त्याच्यात सहज शिरते. म्हणजे त्या दोघांनी कामाला साजेसाच पदार्थ निवडला होता. हे मला माहीत होतं. गुण देताना मी नऊ ओळींचा शेरा लिहिला होता आणि त्यात ही गोष्ट नव्हती. ‘सिद्ध झालेल्या सिरॅमिक पर्यायाचा विचार केलेला दिसत नाही’, असं होतं. हा सिद्ध झालेला पर्याय म्हणजे मी वीस वर्षं ज्यावर काम केलं तो. त्याला मागणी राहिली, तर माझ्या विद्यार्थ्यांना काम राहणार होतं आणि माझे लेख वाचले जाणार होते. त्या वेळी यातलं काहीही माझ्या मनात आलं नव्हतं, हे मी शपथेवर सांगू शकतो. गुण मात्र सहा पडले होते. आणि दुसऱ्या वर्षी त्यांनी बाजारातले तयार सेन्सर घेतले, ज्यांच्या आत सिरॅमिक असतं, तेव्हा मी बारा दिले होते.

मी बेरीज केली. नऊ दिले असते तर ५८ चे ६१ झाले असते. त्या वर्षाअखेरच्या दुपारी रेषा ६० वर आली होती. तीन वर्षं मी नवव्या रकान्याला दोष देत होतो.

पुढच्या बैठकीत मी तो कागद सगळ्यांसमोर ठेवला. खूप वेळ कुणी बोललं नाही. मग मघाच्या त्याच सहकाऱ्यांनी त्यांच्या पत्रिका मागवून घेतल्या. त्यांना त्यात काय सापडलं हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. सोडतीचा प्रस्ताव इतिवृत्तात ‘पुढील विचारार्थ’ म्हणून नोंदला गेला. नववा रकाना वीसवरून दहा गुणांवर आला, उलाढालीचा रकाना नव्या अर्जदारांपुरता वगळला गेला. त्या दोघांना मी काहीच कळवू शकलो नाही. गुणांची माहिती अर्जदारांना द्यायची नाही अशी अट मी पहिल्याच दिवशी सही करून मान्य केली होती. ही गोष्ट मला फार जड जाते.

माझी मुदत संपली त्या दिवशी नेहमीप्रमाणे हितसंबंध जाहीर करण्याचा फॉर्म भरायचा होता. त्यात चार प्रश्न असतात: अर्जदार कंपनीत तुमचे शेअर आहेत का, नातेवाईक आहेत का, तिथे नोकरी केली आहे का, भेटवस्तू घेतली आहे का. तीन वर्षं मी चारही ठिकाणी ‘नाही’ लिहीत आलो होतो आणि ते खरं होतं. या वेळी चार ‘नाही’ लिहून झाल्यावर मी कागद उलटला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं, की मी सिरॅमिकवर वीस वर्षं काम केलं आहे, सिरॅमिक नसलेल्या सेन्सरच्या अर्जांना मी दिलेले गुण त्या दृष्टीने पुन्हा तपासले जावेत, आणि खाली त्या पाच अर्जांचे क्रमांक.

मॅडमनी ते उभ्या उभ्या वाचलं. मग म्हणाल्या, “सर, आम्ही फक्त पुढची बाजू स्कॅन करतो.”

मी फॉर्म परत घेतला. पुढच्या बाजूला चौथ्या प्रश्नाच्या खाली आणि सहीच्या वर दोन बोटं जागा होती. तिथे बारीक अक्षरात सगळं पुन्हा लिहिलं. पाचवा क्रमांक मावेना, तो समासात उभा लिहिला.